पाठीतल्या पाण्याची साक्ष

काही दुखणी अशी असतात, की त्यांचं नाव पक्कं ठरायला आधी माणूस जावा लागतो. क्रॉइट्झफेल्ट-याकोब आजार, डॉक्टरांच्या बोलण्यातला ‘सीजेडी’, हा त्यांतला सर्वांत हट्टी. मेंदूचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा, त्यात स्पंजासारखी भोकं आणि विकृत झालेलं एक प्रथिन सापडलं, की मगच ‘निश्चित’ असा शेरा मारायचा, हा नियम आजही कायम आहे. रुग्ण जिवंत असताना फार तर ‘संभाव्य’ म्हणायचं. तोवर घरच्यांनी काय समजायचं, याबद्दल नियम गप्प.

क्लीव्हलंडमधल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात अमेरिकेतली अशा मेंदूंची राष्ट्रीय प्रयोगशाळा १९९७ पासून आहे. देशभरातून सीजेडीच्या संशयाने मेंदू तिथे तपासणीला येतात. २०११ मध्ये तिथल्या संशोधकांनी १,१०६ मेंदूंचा हिशेब मांडला. त्यांतल्या ३५२ मेंदूंत त्या विकृत प्रथिनाचा, म्हणजे प्रायॉनचा, पत्ताच नव्हता. त्यांपैकी ज्या ३०४ मेंदूंचा पुरेसा भाग हाताशी होता ते पुन्हा बारकाईने पाहिले, तेव्हा अल्झायमरसारखे आजार पुष्कळ निघाले. पण ७१ जणांना जे झालं होतं त्यावर इलाज होऊ शकला असता. २६ जणांत शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच मेंदूवर हल्ला केला होता, २५ जणांना गाठी होत्या, १४ जणांना जंतुसंसर्ग आणि ६ जणांत चयापचयाचे बिघाड होते. स्टेरॉइड, अँटिबायोटिक, जीवनसत्त्वाची इंजेक्शनं अशा साध्या गोष्टींनी त्यांतले काही तरी वाचले असते.

ज्याला औषधच नाही त्या रोगाची तपासणी करून मिळवायचं काय, हा प्रश्न वरवर व्यवहारी वाटतो. मला तो चुकीचा वाटतो, आणि त्याचं कारण ही ७१ माणसं आहेत. या तपासणीचं पहिलं काम ‘हो’ म्हणण्याचं नाही, खात्रीने ‘नाही’ म्हणण्याचं आहे. ते काम नीट करू शकणारी चाचणी मिळायला मात्र जवळपास शतक जावं लागलं.

जर्मनीत क्रॉइट्झफेल्ट यांनी १९२० मध्ये आणि याकोब यांनी १९२१ मध्ये या दुखण्याची वर्णनं केली. रुग्ण बहुतेक साठीच्या आसपासचा. आधी विसरभोळेपणा, तोल जाणं, डोळ्यांपुढे भलतंच दिसणं. मग हातपाय दचकल्यासारखे उडणं. मग बोलणं बंद. अल्झायमरला जे करायला आठ-दहा वर्षं लागतात ते इथे चार-सहा महिन्यांत उरकतं. वर्षाला दहा लाख लोकांमागे एक-दोन रुग्ण, असं प्रमाण जगभर सापडतं. आपली लोकसंख्या तरुण आहे म्हणून थोडी सूट दिली, तरी या हिशेबाने एकट्या महाराष्ट्रात दर वर्षी निदान काही डझन घरांतून हे घडत असणार. त्यांतल्या किती घरांना नाव कळतं?

नेहमीच्या तपासण्या इथे हात टेकतात, आणि त्याला कारण आहे. ताप नाही, रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढत नाहीत, प्रतिपिंडं तयार होत नाहीत. कारण शत्रू परका नाहीच. प्रायॉन प्रथिन आपल्या सगळ्यांच्या मेंदूत जन्मापासून असतं. विसाव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात त्याची कृती लिहिलेली आहे. आजारात ते फक्त चुकीच्या घडीने दुमडतं. घटक तेच, क्रम तोच, आकार वेगळा. आणि हा वेगळा आकार दुधातल्या विरजणासारखा वागतो: चिमूटभर पुरतं, ते शेजारच्या धड प्रथिनाला आपल्यासारखं करतं, ते पुढच्याला. जंतू म्हटलं की जनुकं आलीच, ही समजूत इतकी घट्ट होती, की मेंढ्यांच्या ‘स्क्रेपी’ या याच जातीच्या आजाराचं कारण अतिनील किरणांनीही मरत नाही असं टिकवा आल्पर यांनी १९६७ मध्ये दाखवलं, तरी बहुतेकांनी खांदे उडवले. जे. एस. ग्रिफिथ या गणितज्ञाने त्याच वर्षी ‘नुसतं प्रथिनही असं पसरू शकेल’ असं कागदावर मांडून ठेवलं. १९८२ मध्ये स्टॅन्ली प्रूसिनर यांनी ‘प्रायॉन’ हे नाव दिलं, टीका सोसली, आणि १९९७ मध्ये नोबेल घेतलं.

सिद्धान्त बसला. चाचणीची अडचण मात्र तिथेच होती. जनुक शोधायची पीसीआर इथे निरुपयोगी, कारण विकृत आणि धड प्रथिनांचं जनुक एकच. अँटिबॉडी वापरून पकडायचं तर बहुतेक अँटिबॉडींना दोन्ही सारखीच दिसतात. एक फरक तेवढा हाताशी होता: प्रोटिनेज-के नावाचं प्रथिन चिरणारं विकर टाकलं, की धड प्रथिनाचा फडशा पडतो आणि विकृत प्रथिनाचा गाभा उरतो. मेंदूच्या तुकड्यावर हे उत्तम चालतं. पण जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा कोण काढणार? म्हणून सगळ्यांची नजर गेली ती मेंदू आणि मज्जारज्जूभोवती खेळणाऱ्या द्रवाकडे. कमरेत सुई घालून तो काढतात, आणि आपल्याकडे त्याला सरसकट ‘पाठीतलं पाणी काढणं’ म्हणतात.

१९८६ मध्ये मायकल हॅरिंग्टन आणि सहकाऱ्यांनी या पाण्यातली प्रथिनं जेलवर पसरवून पाहिली. सीजेडीच्या रुग्णांच्या जेलवर दोन ठिपके नेमाने उमटत होते. त्यांना १३० आणि १३१ एवढेच क्रमांक मिळाले. ते ठिपके म्हणजे ‘१४-३-३’ कुळातलं प्रथिन, हे कळायला १९९६ उजाडलं. पुढची वीस वर्षं जगभर ‘१४-३-३ पाठवा’ हा न्यूरॉलॉजीच्या वॉर्डातला परवलीचा शब्द होता. पण हे प्रायॉन नव्हेच. चेतापेशी झपाट्याने मेल्या की त्यांच्या पोटातलं हे प्रथिन पाण्यात सांडतं, मग त्या कशानेही मरोत. नुकताच झालेला पक्षाघात, नागिणीच्या कुळातल्या विषाणूचा मेंदूज्वर, लांबलेली फिट, कशातही चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणजे ज्या इलाजायोग्य आजारांपासून सीजेडी वेगळा काढायचा, नेमक्या त्यांच्याच बाबतीत ती फसते. टाउ प्रथिनाच्या मोजणीचीही थोडीफार तीच कथा.

या सगळ्या काळात प्रायॉनच्या तपासणीला पैसा आणि घाई मिळाली ती माणसांमुळे नव्हे, गायींमुळे. नोव्हेंबर १९८६ मध्ये वेब्रिजच्या सरकारी पशुवैद्यक प्रयोगशाळेने इंग्लंडच्या गायींत स्पंजासारखा मेंदू ओळखला. मेलेल्या जनावरांच्या मांस-हाडांची भुकटी गायींना खाऊ घातली जात होती. विरजण गोठ्यातून गोठ्यात फिरत होतं. १९८८ मध्ये बंदी आली. एकूण एक लाख ऐंशी हजारांहून अधिक गायींत आजार नोंदला गेला. माणसांना धोका नाही असं सरकार सांगत राहिलं. १९९० मध्ये शेतीमंत्री जॉन गमर यांनी कॅमेऱ्यांसमोर आपल्या लहान मुलीला बर्गर भरवायला घेतला. २० मार्च १९९६ रोजी आरोग्यमंत्री स्टीफन डॉरेल यांना संसदेत उभं राहून, बहुधा गायींकडूनच सीजेडी झालेल्या दहा तरुण रुग्णांबद्दल सांगावं लागलं. या नव्या प्रकारच्या सीजेडीने ब्रिटनमध्ये एकूण १७८ जण गेले.

२००१ च्या जानेवारीपासून युरोपीय संघात तीस महिन्यांवरच्या प्रत्येक कत्तलीच्या गायीचा मेंदू तपासल्याशिवाय मांस बाजारात सोडायचं नाही, असा नियम झाला. प्रोटिनेज-के वापरून काही तासांत निकाल देणारे संच त्यासाठी बाजारात आले. गायीची चाचणी माणसाच्या चाचणीच्या पुढे गेली. माणसांबाबत ब्रिटनने एक धाडसी मोजणी केली: शस्त्रक्रियेत काढून ठेवलेली ३२,४४१ अ‍ॅपेंडिक्स तपासली. २०१३ मध्ये निकाल आला, १६ मध्ये विकृत प्रथिन. म्हणजे साधारण दोन हजारांत एक. एवढी माणसं आजारी पडलेली नाहीत, आणि पुढच्या मोजणीत साथीच्या आधीच्या काळातल्या अ‍ॅपेंडिक्समध्येही काही पॉझिटिव्ह निघाल्यामुळे त्या आकड्याचा अर्थ आणखी धूसर झाला. चाचणी अचूक असली तरी ती कुठल्या प्रश्नाचं उत्तर देते आहे हे ठाऊक नसेल, तर नुसता आकडा हातात राहतो.

या प्रकरणाचा एक धागा आपल्या ओळखीच्या घरांपर्यंत येतो. रक्त तपासायची भरवशाची चाचणी नव्हती, आणि रक्तातून आजार लागण्याची भीती होती (पुढे ब्रिटनमध्ये रक्त चढवल्याने तो लागल्याचे मोजके पण पक्के दाखले मिळालेही). म्हणून १९८० ते १९९६ या काळात ब्रिटनमध्ये एकूण तीन महिने किंवा जास्त राहिलेल्यांना अमेरिकेत रक्तदान वर्ज्य झालं. एफआरसीएस-एमआरसीपी या ब्रिटिश पदव्यांसाठी तिकडे जाऊन पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले मराठी डॉक्टर या नियमात अलगद सापडले. आयुष्यभर दुसऱ्यांना रक्त चढवणाऱ्यांना स्वतःचं रक्त देता येईना! ही बंदी २०२२ मध्ये उठली.

आता या लेखाच्या मुख्य विषयाकडे येतो. विरजण इतकं थोडं असतं, की ते दिसत नाही. मग ते दिसेल इतकं वाढवायचं कसं? क्लाउडियो सोटो आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये तोडगा दाखवला: नळीत भरपूर धड प्रथिन घ्या, त्यात संशयित नमुना टाका, गुठळ्या धरू द्या, ध्वनिलहरींनी त्या फोडा, म्हणजे प्रत्येक तुकडा नवं विरजण होईल, आणि हेच पुन्हा पुन्हा करा. जी साखळी मेंदूत वर्षानुवर्षं चालते ती नळीत काही दिवसांत. कल्पना सुरेख, पण रोजच्या प्रयोगशाळेसाठी नाजूक. मोंटाना राज्यात हॅमिल्टन नावाच्या छोट्या गावात रॉकी माउंटन प्रयोगशाळा आहे. तिथे बायरन कॉघी यांच्या गटाने, आणि जपानमध्ये नागासाकी विद्यापीठात र्‍युइचिरो अताराशी यांनी, ध्वनिलहरींऐवजी नुसतं हलवायचं ठरवलं. त्यातून ‘आरटी-क्विक’ ही चाचणी जन्मली.

तिचं काम प्रत्यक्ष कसं चालतं ते पाहण्यासारखं आहे. शहाण्णव खड्ड्यांची एक प्लास्टिकची पाटी. प्रत्येक खड्ड्यात ई. कोलाय जिवाणूंकडून बनवून घेतलेलं प्रायॉन प्रथिन, बहुधा हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याचं. सोबत थायोफ्लेविन-टी हा रंग. प्रथिनाची विशिष्ट चिवट गुठळी धरली तरच तो चमकतो. वर रुग्णाच्या पाण्याचे काही मायक्रोलिटर. पाटी यंत्रात ठेवली की यंत्र थोडा वेळ गदगदा हलवतं, थोडा वेळ शांत ठेवतं, पुन्हा हलवतं, आणि अधूनमधून चमक मोजतं. पडद्यावर रेषा सपाट चाललेली असते. नमुन्यात विरजण असेल तर काही तासांनी ती उभी चढते. नसेल तर सपाटच राहते, आणि त्या सपाट रेषेची किंमत मी सुरुवातीलाच सांगितली.

२०११ मध्ये अताराशींचा निबंध आला तेव्हा ऐंशी टक्क्यांहून अधिक रुग्ण ओळखले गेले आणि सीजेडी नसलेल्या एकालाही चाचणीने गोवलं नाही. तेव्हा निकालाला अडीच ते पाच दिवस लागत. २०१५ मध्ये मोंटानाच्याच गटाने हॅमस्टरच्या प्रथिनाचं शेपूट छाटलं, तापमान ५५ अंशांवर नेलं, थोडा साबणाच्या जातीचा पदार्थ घातला. वेळ ४ ते १४ तासांवर आली, आणि ९५.८ टक्के रुग्ण सापडू लागले. आधीच्या वर्षी इटलीतल्या व्हेरोनाच्या डॉक्टरांबरोबर त्यांनी आणखी एक वाट दाखवली होती: नाकाच्या छतावर, जिथे वास घेणाऱ्या चेतापेशी असतात, तिथे छोटा ब्रश फिरवायचा. ३१ रुग्णांपैकी ३० पॉझिटिव्ह, ४३ इतरांपैकी एकही नाही. २०१८ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने निकष बदलले: मेंदूचा वाढता बिघाड आणि आरटी-क्विक पॉझिटिव्ह एवढं असेल तर ‘संभाव्य सीजेडी’ म्हणायला हरकत नाही. ‘निश्चित’ मात्र अजून मेंदूच्या तुकड्यावरच अडून आहे.

चाचणीला तिचे रुसवे आहेतच. सुई घालताना पाण्यात रक्त मिसळलं, तर प्रतिक्रिया अडते आणि खोटा ‘नाही’ येऊ शकतो; म्हणून पाणी स्वच्छ निघणं हे काढणाऱ्या हातावर आहे, यंत्रावर नाही. झोप कायमची उडवणारा आनुवंशिक प्रकार आणि काही दुर्मीळ प्रकार ती कमी पकडते. गायीकडून आलेल्या नव्या प्रकारात पाण्यावरची ही चाचणी कच्ची ठरते; तिथे टॉन्सिलचा तुकडा अधिक बोलका. त्यामुळे शहाणा न्यूरॉलॉजिस्ट एका कागदावर विसंबत नाही. एमआरआयच्या डिफ्यूजन चित्रात मेंदूच्या कडेने पांढरी किनार उमटली आहे का, ईईजीत ठरावीक अंतराने टोकदार लाटा येतात का, हे तो सोबत पाहतो.

‘हो’ या निकालाचाही उपयोग आहे, आणि तो रुग्णापेक्षा इतरांना. १९७७ मध्ये झुरिचहून एक घटना नोंदली गेली. सीजेडीच्या एका वृद्धेच्या मेंदूत वापरलेल्या चांदीच्या तारा अल्कोहोल आणि फॉर्मल्डिहाइडच्या वाफेने ‘निर्जंतुक’ करून अपस्माराच्या दोन तरुण रुग्णांत वापरल्या होत्या. दोघांनाही सीजेडी झाला. पुढे त्यांतली एक तार चिंपांझीच्या मेंदूत ठेवली, तर तोही आजारी पडला. फॉर्मल्डिहाइडने हे प्रथिन मरत नाही, उलट टिकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या सूचनांत कॉस्टिक सोडा किंवा १३४ अंशांवर १८ मिनिटं वाफ, असे उपाय आहेत. प्रयोगशाळेतल्यांनाही धोका आहेच. फ्रान्समध्ये २०१० साली उंदरांच्या संसर्गित मेंदूवर काम करताना चिमट्याचं टोक दोन हातमोज्यांतून एका तरुण तंत्रज्ञ मुलीच्या अंगठ्यात गेलं. साडेसात वर्षांनी लक्षणं आली. २०१९ मध्ये ती गेली. दुसऱ्या एका कर्मचाऱ्याचा आजार उघड झाल्यावर २०२१ मध्ये तिथल्या सरकारी संस्थांनी प्रायॉनचं काम तीन महिने थांबवलं होतं.

आजार लागला आहे का, एवढ्यावर ही तपासणी आता थांबलेली नाही. सोनिया वल्लभ यांच्या आईचं २०१० मध्ये आनुवंशिक प्रायॉन आजाराने निधन झालं. पुढच्या वर्षी तोच जनुकदोष आपल्यात आहे हे त्यांना कळलं. त्या कायद्याच्या पदवीधर, पती एरिक मिनिकेल वाहतूक नियोजनातले. दोघांनी आपापले पेशे सोडून जीवशास्त्र शिकायला घेतलं आणि आज दोघं बॉस्टनजवळच्या ब्रॉड इन्स्टिट्यूटमध्ये या आजारावर काम करतात. त्यांचा प्रश्न वेगळा होता. धड प्रथिनच कमी केलं तर विरजणाला दूध मिळणार नाही. पण औषधाने ते कमी झालं हे निरोगी माणसात मोजायचं कसं? पाठीतल्या पाण्यात. तिथे एक क्षुल्लक वाटणारी भानगड निघाली: हे प्रथिन प्लास्टिकच्या नळीला चिकटतं, आणि नळीतून नळीत ओततानाच आकडा घसरतो. सौम्य साबणासारखा एक पदार्थ चिमूटभर घातला, की प्रथिन द्रवातच राहतं. असल्या बारकाव्यांवर औषधाची चाचणी तरते किंवा बुडते. प्रथिनाची निर्मिती रोखणाऱ्या ‘आयओएन-७१७’ या औषधाचा पहिला डोस रुग्णाला २०२४ च्या सुरुवातीला दिला गेला. दोष असलेल्या काही निरोगी माणसांच्या पाण्यात लक्षणांआधीच आरटी-क्विकची रेषा चढलेली सापडली आहे. ती दिसल्यावर त्या माणसाला सांगायचं की नाही, हा प्रश्न यंत्राला विचारून भागणार नाही. जनुकतपासणीपूर्वी समुपदेशन हवं ते याचसाठी.

हीच युक्ती आता पार्किन्सनच्या अल्फा-सिन्यूक्लिन प्रथिनासाठी वापरतात. २०२३ मध्ये १,१२३ जणांवरच्या अभ्यासात पार्किन्सनचे सुमारे ८८ टक्के रुग्ण तिने ओळखले. दुर्मीळ आजारावरची मेहनत वाया जाते म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

आपल्याकडे हा आजार नवा नाही. मुंबईच्या डॉ. भीम सिंघल आणि डॉ. दस्तूर यांनी पश्चिम भारतातल्या सीजेडीबद्दल १९८३ मध्ये लिहिलं आहे. बंगळुरूच्या निम्हान्सने १९७१ ते १९९० या काळातल्या भारतीय रुग्णांचा आढावा १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. गायींच्या आजाराच्या दृष्टीने जागतिक पशुआरोग्य संघटना भारताला नगण्य धोक्याच्या देशांत धरते. तरीही ‘आम्ही शाकाहारी, मग हे आलं कुठून?’ असा प्रश्न घरच्यांच्या तोंडी येणारच. सीजेडीचे सुमारे ८५ टक्के रुग्ण आपोआप, खाण्यापिण्याशी कसलाही संबंध नसताना होतात. उरलेल्यांत बहुतेक आनुवंशिक.

तेव्हा घरातल्या माणसाची बुद्धी वर्षांत नव्हे, आठवड्यांत ढासळत असेल, तर ‘वय झालं’ म्हणून बसू नका. न्यूरॉलॉजिस्टला दोन गोष्टी स्पष्ट विचारा: प्रतिकारशक्तीमुळे होणारा मेंदूदाह तपासला का, आणि पाठीतलं पाणी कोणकोणत्या चाचण्यांसाठी पाठवणार. निदान सीजेडीचं ठरलं, तर रुग्णाचे डोळे किंवा रक्त दान करू नका, आणि कुठल्याही शस्त्रक्रियेआधी सर्जनला सांगा. शेजारीपाजारी आणि कधी कधी दवाखान्यातली मंडळीही रुग्णापासून लांब राहू लागतात, त्याला आधार नाही. भरवल्याने, अंघोळ घातल्याने, हात धरून बसल्याने, एका खोलीत झोपल्याने हा आजार लागत नाही.